सुयशच्या मशीनवर विंडोज

अमळनेर,
गुरुवार, ता. २० नोव्हेंबर २०२५

चि. शिल्पा हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. शिरपूरला तू, तुझे वडील बन्सीलालभाऊ आणि घरची मंडळी खुशाल असाल. थंडी पडायला लागली आहे. शाळेत शिकवायला सकाळी जावं लागत असेल तर स्वेटर घालून जात जा.

मला फोनवर बोलणं जमत नाही हे तुला माहीत आहे. तू "हॅलो नाना" म्हणतेस, मी "जेवलीस का" एवढंच सासऱ्यासारखं विचारतो आणि फोन सुयशच्या आईपुढे धरतो. ती हात पुसत बसते, फोन घेत नाही. मग मीच "ठेवतो" म्हणतो. म्हणून हे पत्र.

परवा तारखेने सुयशला जाऊन दोन वर्षं झाली. घरी काही केलं नाही. तिथीचं आधीच झालं होतं. मी तहसील कचेरीसमोरच्या आपल्या टपरीवर गेलो आणि दोन प्रतिज्ञापत्रं टाइप करून आलो. तीही शेजारच्या नवलच्या मशीनवर, तो चहाला गेला तेवढ्या वेळात. नवल आता सगळ्यांसमोर बोलून दाखवतो. "अमृतनाना, माझ्या कीबोर्डची अक्षरं तुम्हीच पुसून टाकली. नवं मशीन आणता का मीच दुसरी टपरी बघू?"

मागच्या रविवारी बन्सीलालभाऊ आले होते, ते तुला समजलं असेलच. एकटेच आले, एसटीने. अर्धा तास हवापाण्याचं आणि कापसाचं बोलले. मग म्हणाले, "नाना, रावेरचं स्थळ आहे. ललित नाव. केळीच्या कोल्ड स्टोरेजवर मॅनेजर आहे. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. माणसं बरी आहेत. पण पोरगी म्हणते, नाना हो म्हणतील तर हो. तेव्हा तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. त्या लोकांना पंधरा डिसेंबरपर्यंत शब्द द्यायचा आहे."

मी त्यांना चहा घ्या म्हटलं. ते म्हणाले, "घेतला ना आत्ताच."

आता कॉम्प्युटरचं सांगतो.

दिवाळीत टपरीवरचं जुनं मशीन गेलं. व्होल्टेज वाढलं आणि आतला बोर्ड जळाला. डिस्क वाचली, त्यामुळे वीस वर्षांचे मसुदे हातात आहेत, पण उघडायला मशीन नाही. तू फोनवर म्हणालीस, "नाना, वरच्या खोलीतलं त्यांचं मशीन वापरा, बंद राहून खराब होईल." पासवर्डही सांगितलास. तुझाच जुना मोबाइल नंबर निघाला. तू सांगताना थांबली नाहीस. मी लिहून घेताना थांबलो.

अडचण अशी की सुयशच्या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स आहे. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, टाइपरायटरच्या कीबोर्डचं. ते फक्त विंडोजवर चालतं, आणि त्याचं पेनड्राइव्हसारखं एक डोंगल मागे लावलेलं नसेल तर सुरूच होत नाही. चाळीस वर्षं बोटांना त्याच जागा माहीत आहेत. त्रेसष्टाव्या वर्षी नव्या शिकवायच्या म्हटलं तरी शिकणार नाहीत.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत चारुलता मॅडमचं रिपेअरिंगचं दुकान आहे. सुयश पार्ट त्यांच्याकडूनच आणायचा. काल मी मशीन घेऊन गेलो. त्यांनी बघून सांगितलं, "काका, दोन रस्ते आहेत. पहिला ड्युअल बूट. डिस्कच्या मध्ये भिंत घालायची. एका खोलीत सुयशचं लिनक्स, दुसरीत तुमचं विंडोज. मशीन चालू केलं की तेच विचारणार, कोणाकडे जायचं? एकाकडे गेलात की दुसऱ्याचं दार बंद. पलीकडे जायचं तर सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं."

"आणि दुसरा?"

"व्हर्च्युअल मशीन. भिंत नाही. सुयशचं लिनक्स चालू ठेवायचं आणि त्याच्या आत एका चौकटीत तुमचं विंडोज चालवायचं. दोघं एकाच वेळी जागे. पण खाणारी तोंडं दोन आणि रॅम तेवढीच. सावकाश चालेल."

"धोका कशात?"

"भिंत घालण्यात. डिस्क भरलेली आहे. सुयशचं सामान सरकवून जागा करावी लागेल, आणि मध्येच लाइट गेली तर सगळं गेलं समजा. म्हणून आधी बॅकअप. चौकटीत तसा धोका नाही. बिघडली तर चौकट फेकून द्यायची, त्याच्या सामानाला हात लागत नाही."

मी चौकट म्हटलं. त्यांनी तासाभरात बसवून दिली. परत येताना एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, खाली ठेवा ना." मी ठेवलं नाही.

सुयशच्या आईचे गुडघे त्या ऑपरेशनपासून बरे आहेत. जिना चढते.

बन्सीलालभाऊंना सांग, विचार चालू आहे.

तुझा,
नाना


अमळनेर,
मंगळवार, ता. २ डिसेंबर २०२५

चि. शिल्पा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. पोस्टमनने टपरीवरच आणून दिलं, ते बरं झालं.

तू लिहिलंस की रावेरची माणसं तुला चांगली वाटली. ललित शाळेत येऊन भेटून गेला, नीट बोलला, असंही लिहिलंस. आणि मग खाली लिहिलंस: "नाना, पण एक कळल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही. ते असताना नोकरीच्या गावी, पुण्याला, मला का घेऊन गेले नाहीत? दीड वर्ष पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत राहिले. मी त्यांना नको होते का? तुम्हाला काही बोलले असतील तर सांगा. एका घरी नको झालेली बाई दुसऱ्या घरी कोणत्या तोंडाने जाणार?"

हे मी दोनदा वाचलं आणि पत्र खिशात ठेवलं. याचं उत्तर असं टपरीवर बसून देता येत नाही.

मशीनचं सांगतो. चौकट काही जमेना.

रोज सकाळी वरच्या खोलीत जातो. मशीन अजून टपरीवर नेलेलं नाही, लोक घरीच येतात. आधी सुयशचं लिनक्स उघडतं. समोर तुमचा दोघांचा तोरणमाळच्या तलावाजवळचा फोटो येतो. तू डोळे बारीक केले आहेस, ऊन समोरून असावं. त्याच्यावर मग विंडोजची चौकट उघडायची. ती उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. टाइप केलं की अक्षर मागाहून येतं. परवा द्रौपदाबाई वारस नोंदीचा अर्ज करायला आली होती. तिने नावं सांगितली आणि खाली जाऊन आली. मग मागे उभी राहून म्हणते, "भाऊ, मी पानी पिईसन उनू, तरी तुनं अक्षर उनं नही!" डोंगल कधी ओळखतं, कधी नाही. काढायचं, फुंकायचं, परत लावायचं. प्रिंट तर निघतच नाही.

चारुलता मॅडमनी त्यात एक सोय करून दिली आहे. स्नॅपशॉट म्हणतात. चौकटीतलं सगळं जसं आहे तसं एका क्षणाला धरून ठेवायचं. नंतर काही बिघडलं की एक बटण दाबायचं आणि चौकट परत त्या क्षणावर. मधलं काही झालंच नाही. मी ते बटण आठवड्यात सहा वेळा दाबलं. बिघडलं होतं दोनदाच.

मॅडमना मी फोनवर विचारलं, असं बाहेरच्या लिनक्सचं पण करता येतं का. त्या म्हणाल्या, "बाहेरच्याचं नाही हो काका. फक्त चौकटीतल्याचं."

खरं म्हणजे काम झाल्यावरही मी वरच बसून राहतो. सुयशच्या आईला ते समजतं. ती काल जिन्यात उभी राहून म्हणाली, "तो त्या डबामा शे का? उतर खाले." मी उतरलो. दुपारी परत गेलो.

तुमच्या फोटोवर डाव्या बाजूला एक फोल्डर आहे, "घर" नावाचं. मी ते उघडलेलं नाही.

उत्तरकार्याच्या दिवशी सुयशची आई सगळ्या बायकांसमोर जे बोलली ते तू मनात ठेवू नकोस, असं मला लिहायचं आहे. ते शब्द माझ्या लक्षात आहेत. "इनी नोकरी सोडी नही, म्हणीसन मन्हा आंडोर दर शनिवारे रस्तावर ऱ्हायना." तुझ्या नोकरीमुळे तिचा मुलगा दर शनिवारी रस्त्यावर राहिला, असं दुःखात माणूस काहीही बोलतं. तू मान खाली घालून बसली होतीस. पुढच्या पंधरा दिवसांत बन्सीलालभाऊ तुला शिरपूरला घेऊन गेले. मी त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीवर होतो. तेव्हा घरात खूप माणसं होती.

तर मशीनचं असं ठरलं. मॅडम म्हणाल्या, "काका, कचेरीचं काम असं कोणाच्या घरात घुसून होत नाही. भिंत घालू. तेरा तारखेला शनिवारी या, आणि येताना सुयशच्या सगळ्या सामानाचा बॅकअप घेऊन या. त्याशिवाय मी हात लावणार नाही." मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की त्यांनी विचारलं, "नक्की ना?"

तू विचारलेल्याबद्दल एवढंच लिहितो की सुयश चांगला मुलगा होता. तू तसं मनात आणू नकोस.

तुझा,
नाना


अमळनेर,
रविवार, ता. १४ डिसेंबर २०२५

शिल्पा,

काल धुळ्याला जाऊन आलो. हे पत्र मी आज दुपारी लिहायला बसलो आहे आणि उद्या सकाळच्या शिरपूरच्या गाडीने स्वतः घेऊन येणार आहे. बन्सीलालभाऊंना पंधरा तारीख दिलेली आहे. पण समोर बसून मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहितो. तू आधी हे वाच. मी बाहेरच्या खोलीत बसेन.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं. "घर" फोल्डर मी उघडलं नाही असं लिहिलं. ते मी पहिल्याच दिवशी उघडलं. आत काय आहे तेही मला आधीपासून माहीत होतं.

त्यात एका भाडेकराराचे दोन मसुदे आहेत. पुण्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट. लिहून घेणार म्हणून दोन नावं: एक, सुयश अमृत बोरसे. दोन, सौ. शिल्पा सुयश बोरसे. पहिला मसुदा जून २०२२ चा. दुसरा ऑक्टोबर २०२३ चा, एक डिसेंबरपासून राहायला जायचा. दुसऱ्याच्या खाली त्याने स्वतःसाठी टिपण करून ठेवलं आहे. "शाळा दोन, चालत अंतरावर. शिल्पाचा बायोडाटा द्यायचा." दोन्हीचे प्रिंट या पत्रासोबत आहेत.

आता कसं झालं ते सांगतो.

जून २०२२ मध्ये कंपनीने घरून काम बंद केलं आणि सगळ्यांना पुण्याला बोलावलं तेव्हा सुयश पहिला मसुदा घेऊन टपरीवर आला. "नाना, बघून घ्या. मराठी चुकलं असेल. शिल्पाला अजून सांगितलं नाही, पक्कं झालं की सांगतो." मी वाचला. मराठी दोन ठिकाणी चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं, "एक वर्ष तिला इथे राहू दे. तुझ्या आईचे गुडघे बघतोस ना."

तो म्हणाला, "मग शिल्पाला काय सांगू?"

"सांग, रूम मिळाली नाही. माझं नाव घेऊ नको."

त्याने मसुदा घडी घालून खिशात ठेवला. नवल तिकडून ओरडला, "काय रे सुयश, बापाकडून फुकट काम करून घेतो का!" तो हसला आणि मला "बरं" म्हणाला. त्याने माझा शब्द कधी मोडला नाही.

गुडघे हे कारण होतं, पण खरं नव्हतं. ऑपरेशन त्याच दिवाळीत झालं आणि ती चालायला लागली. खरं असं होतं की तू आल्यापासून घरात कोणीतरी बोलायला लागलं होतं. संध्याकाळी तू मूळ कागद मोठ्याने वाचायचीस आणि मी नक्कल तपासायचो. "चतुःसीमा येणेप्रमाणे" हे तू शाळेत कविता म्हणावी तसं म्हणायचीस आणि सुयशची आई स्वयंपाकघरातून हसायची. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं. एवढंच. मोठं काही नाही.

वर्ष झालं. मी काही म्हटलं नाही, त्याने आठवण करून दिली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो दुसरा मसुदा घेऊन आला. "नाना, आता घेऊन जातो." मी म्हटलं, "एवढी संक्रांत होऊ दे." तो दर शुक्रवारी पुण्याहून बसने निघायचा, पहाटे धुळ्याला उतरायचा आणि तिथे ठेवलेल्या मोटरसायकलवर घरी यायचा. अठरा नोव्हेंबरला पहाटे त्या रस्त्यावर कापसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय उभी होती.

संक्रांत आली तेव्हा तू शिरपूरला होतीस.

उत्तरकार्याच्या दिवशी सुयशची आई ते बोलली, तेव्हा घरात खूप माणसं होती असं मी लिहिलं. माणसं असल्यानेच मी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. मी खुर्चीवर बसून राहिलो. नंतर वाटलं, उद्या बोलू. मग वाटलं, आता बोलून तो येणार आहे का? मग तू गेलीस. तिने तुझ्यावर राग धरला आणि त्या रागावर ती उठून कामाला लागली. तो काढून घेतला तर ती कशावर उभी राहील, असंही मी स्वतःला सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला कारणं भरपूर सुचतात.

आता कालचं. बॅकअप घेऊन या म्हणून मॅडमनी बजावलं होतं. मी घेतला नाही. का घेतला नाही ते मी एसटीत बसल्यावर स्वतःशी कबूल केलं. भिंत घालताना लाइट गेली तर सगळं जातं, असं त्या म्हणाल्या होत्या. ते करार जावेत असंच मला वाटत होतं. माझ्या हाताने पुसण्याची हिंमत नव्हती. मशीनने पुसलं असतं तर मी दुःखही करू शकलो असतो. चौकट सोडून भिंतीला मी इतक्या लगेच हो म्हटलं ते यामुळे. अक्षर उशिरा येतं हे खरं होतं, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

दुकानात मॅडमनी विचारलं, "बॅकअप?"

"घेतला."

"दाखवा."

मी खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. त्यांनी लावून बघितला आणि माझ्याकडे वळल्या. "काका, हे तर तुमचे मसुदे आहेत. प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. सुयशचं कुठंय?"

मी म्हटलं, "त्याचं राहू द्या. तुम्ही सुरू करा."

"राहू द्या म्हणजे? वेडे झालात का तुम्ही? तो पोरगा माझ्याकडे दोन रुपयांचा स्क्रू घ्यायला आला तरी तासभर बसायचा. मी त्याचं सामान असं पुसू?" मग त्यांनी कपाटातून एक नवी डिस्क काढली, मला खुर्चीवर बसवलं आणि माऊस माझ्या हातात दिला. "तुम्हीच करा. एकेक फोल्डर. मला दाखवत दाखवत."

मी एकेक फोल्डर टाकत गेलो. फोटो, बिलं, कॉलेजचं. "घर" शेवटी राहिलं. त्या म्हणाल्या, "हे?" आणि उघडायला लावलं, नीट उतरतंय का बघायला. करार पडद्यावर आला. त्यांनी नावं वाचली, तारीख वाचली, खालचं टिपण वाचलं. मग अगदी साधेपणाने विचारलं, जसं कोणीही विचारेल, "शिल्पा म्हणजे त्याची मिसेस ना? मग ती गेली का नाही पुण्याला?"

दोन वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस ते पत्रात, आणि पत्र खिशात ठेवता येतं. त्या समोर उभ्या होत्या. मी म्हटलं, "मी जाऊ दिलं नाही."

त्यांचं गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग, काका?"

भिंत घालायला दीड तास लागला. लाइट गेली नाही.

आज सकाळी मी सुयशच्या आईला सांगितलं. ती बाजरी निवडत होती. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं तसंच, गुडघ्यांचंही. ती निवडत राहिली. मला वाटलं तिला ऐकूच आलं नाही. मग तिने ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मंग तू बठ्ठासमोर गपचूप कसा बसना?"

बठ्ठासमोर म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

"दोन वरीस मी तिन्हा राग करत ऱ्हायनू," ती म्हणाली, "आनि तू आयकत ऱ्हायना."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढलं. पाणी ठेवलं. मी जिथे बसतो तिथून ती उठून जाते. घर तीन खोल्यांचं आहे, ती किती वेळ उठत राहील ते मला माहीत नाही. तिने मला माफ करावं असं मी म्हणू शकत नाही, आणि या वयात आम्ही दोघं दुसरीकडे कुठे जाणारही नाही. ते आमचं आहे. त्यात तू पडायचं नाहीस.

मशीन परवापासून टपरीवर असेल. चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात. दहा सेकंद काही दाबलं नाही तर ते आपोआप विंडोजमध्ये जातं, तसं मॅडमनी करून ठेवलं आहे. सुयशच्या बाजूला जायचं असेल तर हातातलं काम बंद करून जावं लागतं. आज मी गेलो नाही. उद्याचं सांगत नाही. सुयशच्या सामानाची डिस्क मी तुझ्यासाठी बरोबर आणली आहे. माझ्याकडे ते मशीनवर आहेच.

आता तुझ्या प्रश्नाचं आणि बन्सीलालभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर. मला कागदाची एकच पद्धत येते, त्या पद्धतीने देतो. हसू नकोस.

मी, अमृत पुना बोरसे, वय ६३, धंदा टायपिंग, राहणार अमळनेर, लिहून देतो की, माझा मुलगा सुयश यास आपली पत्नी शिल्पा हीस पुण्यास सोबत नेण्याची इच्छा पहिल्यापासून होती व शेवटपर्यंत होती. त्याने दोन वेळा तयारी केली व दोन्ही वेळा मी त्यास थांबवले. शिल्पा हिचा यात कोणताही दोष नाही व नव्हता. तिने नोकरी न सोडल्यामुळे काही घडले, हे खरे नाही. तिने रावेरच्या स्थळास हो म्हणावे, नाही म्हणावे, अथवा दोन्ही न म्हणता आपल्या मर्जीने राहावे. यात माझी परवानगी मागण्याचे कारण नाही, कारण ती देण्याचा अधिकार मी जून २०२२ मध्येच घालवला. तरीही कोणास माझा शब्द पाहिजे असल्यास माझा शब्द हो असा आहे.

अशा कागदाच्या शेवटी "राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले" असं घालायची पद्धत आहे. राजीखुशीने हे खरं नाही, म्हणून घालत नाही. अक्कलहुशारीने लिहिलं आहे.

खाली साक्षीदाराची जागा आहे. मघाशी मी कागद आणि पेन सुयशच्या आईसमोर ठेवलं. तिला वाचता येतं, तिने सगळं वाचलं. तुझ्या नावावर बोट ठेवून थोडा वेळ बसली. मग कागद परत माझ्याकडे सरकवला. सही केली नाही. ती केव्हा करेल, करेल की नाही, हे मला सांगता येत नाही. तू तिच्या सहीसाठी थांबू नकोस. माझ्यासाठी थांबलीस तेवढं पुरे झालं.

लिहून देणार,
अमृत पुना बोरसे

साक्षीदार,
______________